वीतभर उजेडाचा हिशेब

वाशिमसारख्या गावात छायाचित्रणाचा धंदा करणाऱ्या माणसाला लग्नसराई, शाळांचे समूहफोटो आणि सरकारी अर्जांना डकवावयाची पासपोर्ट छायाचित्रे या तीन गोष्टींवर बहुधा आपला प्रपंच चालवावा लागतो, आणि माझाही तो तसाच चालत आला आहे. परंतु या तिन्हींच्या आडोशाने एक चौथे काम माझ्याकडे हळूहळू येत गेले, ज्याने गल्ल्यात फारशी भर पडली नाही, पण धंद्याविषयी विचार करावयास जेवढे या कामाने लावले तेवढे बाकीच्या सर्व कामांनी मिळून लावले नसेल. हे काम म्हणजे डोळ्याशी धरल्यावाचून जे नीट दिसत नाही अशा वस्तूंचे निकटचित्रण: पानाखालची कीड, चिरलेल्या खोडातील अळी, फिक्या शाईचा कागद, झिजलेले नाणे, घागरीच्या काठावर टिंबाटिंबांनी कोरलेले कुणाच्या पणजीचे नाव.

हे काम निर्माण होण्यास थोडा राजकीय भूगोल आणि बराचसा सोयाबीन कारणीभूत झाला. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशिम वेगळा काढण्यात आला, वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके त्याच्या वाट्याला आले आणि जिल्ह्याची म्हणून जी दप्तरे असावयाची ती एकामागून एक येथे येऊन बसली. दप्तर आले की प्रशिक्षणवर्ग येतात, वर्ग आले की भिंतीवर लावावयाचे फलक आणि हातात द्यावयाच्या घडीपत्रिका येतात, आणि फलकाला चित्र लागते. त्यातच ज्वारी-कपाशीची शिवारे वर्षागणिक सोयाबीनखाली जात होती. २००८ च्या खरिपात तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीने, म्हणजे शास्त्रज्ञांच्या स्पोडोप्टेराने, विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीनची पार चाळण केली, आणि त्या धक्क्यातून राज्य शासनाने २००९ पासून कीड-रोग सर्वेक्षणाची ‘क्रॉपसॅप’ ही योजना सुरू केली. शेतात जाऊन कीड मोजावयाची तर ती आधी ओळखता आली पाहिजे, आणि ओळखावयाची तर तिचे चित्र आपल्याच शिवारातले, आपल्याच वाणावरचे असले पाहिजे. परप्रांतीच्या पुस्तकातून उचललेल्या धूसर चित्राकडे पाहून रिसोडचा शेतकरी मान डोलावतो खरा, पण ती मान सौजन्याची असते.

निकटचित्रणाची सामग्री म्हणून जी यादी दुकानदार पुढे ठेवतो ती वाचून आमच्यासारख्याची छाती दडपावी अशीच असते. मॅक्रो लेन्स, तिच्या तोंडाशी दोन बाजूंस बसणारे जोडफ्लॅश, त्यांना हुकूम देणारी यंत्रणा, वर स्टँड आणि मऊ उजेडाच्या पेट्या, असा तो सरंजाम एका हंगामाची सारी शिल्लक गिळून वर उधारीची तजवीज करावयास लावील. लेन्सचा प्रश्न त्यातल्या त्यात लवकर सुटला. फिल्मच्या काळातील पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स एका कडीच्या साह्याने कॅमेऱ्यावर उलटी बसविली की वस्तू जवळजवळ आपल्या मूळ आकारात संवेदकावर उतरते, आणि अधिक मोठे हवे असेल तर काच नसलेल्या पोकळ नळ्या, म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूब, मध्ये घातल्या की झाले. खरी अडचण उजेडाची होती.

ती अडचण नेमकी कशी निर्माण होते, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. वस्तू मूळ आकारात टिपावयाची म्हणजे भिंग संवेदकापासून दूर सारावे लागते, आणि तसे सारले की आत पोचणारा प्रकाश चौथाईवर येतो. छिद्र आठवर ठेवले तरी ते प्रत्यक्षात सोळाचे काम करते. शिवाय इतक्या जवळून स्पष्टतेची खोली जेमतेम मिलिमीटरभर उरते, माशीचा डोळा स्पष्ट दिसला तर पंख धुकट होतात, म्हणून छिद्र आणखी बारीक करावे लागते आणि प्रकाश आणखी घटतो. आता हे सर्व ज्या दिवसांत करावयाचे ते दिवस कोणते? सोयाबीनवरची कीड बघावयाची ती जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, जेव्हा आभाळ भरलेले असते, रानात वारा सुटलेला असतो आणि पान क्षणभर स्थिर राहात नाही. शटर उघडे ठेवावे तर चित्र हलते, आणि मिटावे तर काळोख.

म्हणून फ्लॅश हवा. तो सेकंदाच्या हजाराव्या, कमी शक्तीवर तर दहाहजाराव्या भागाच्या आसपास चमकून जातो, आणि तेवढ्या अवधीत वाऱ्याने हललेले पानही हलले नाही असेच भासते. पण येथे उधळपट्टीची जी वाट सुरू होते तिच्याविषयी मला दोन शब्द सांगावयाचे आहेत, कारण माझ्या सगळ्या अनुभवाचे सार त्यात आहे. जवळच्या वस्तूला उजेड कधीच कमी पडत नाही. उजेडाचा उगम वस्तूपासून दुप्पट दूर नेला की तो चौथाई होतो, हा नियम शाळेत सर्वांनीच पाठ केलेला असतो. तोच उलटा वाचला म्हणजे असे दिसते की मंडपात नवरा-नवरीला उजळण्यासाठी जी फ्लॅशगन पूर्ण ताकदीने खर्ची पडते, ती किड्यापासून वीतभर अंतरावर आणली की तिच्या शक्तीचा सोळावा किंवा बत्तिसावा हिस्साही पुरून उरतो. ज्या बाजारात प्रखरता विकली जाते तेथे आम्हांला घेण्यासारखे काही नव्हतेच. आम्हांला हवा होता तो उजेडाचा विस्तार आणि त्याचा कोन, आणि या दोन्ही गोष्टी कागदवाल्याच्या दुकानात मिळत होत्या.

आकाशातील सूर्यबिंब आपल्या डोळ्याला सुमारे अर्ध्या अंशाचे दिसते. सूर्य प्रत्यक्षात केवढाही असो, तो दूर असल्यामुळे टिकलीएवढा आहे, आणि म्हणूनच ऑक्टोबरातील दुपारी प्रत्येक काडीची सावली सुरीने कापल्यासारखी पडते. याच्या उलट, वीतभर रुंदीचा एक ट्रेसिंग पेपर किड्यापासून वीतभर अंतरावर धरून त्याच्या मागून उजेड सोडला, तर त्या किड्याच्या दृष्टीने तो कागद पन्नासहून अधिक अंशांचे आकाश व्यापतो. म्हणजे दहा-वीस रुपयांच्या तावातून कापलेला एक तुकडा त्या इवल्या जीवावर श्रावणातील भरल्या आभाळाचा मऊ उजेड पसरतो. माणसाच्या चेहऱ्यावर असाच उजेड पाडावयाचा तर चेहऱ्यापासून दोन हातांवर दोन हात रुंदीची पेटी टांगावी लागेल, आणि बैलजोडीवर पाडावयाचा तर तंबू ठोकावा लागेल. विषय जसजसा लहान होतो तसतसा उजेडाचा खर्च उतरत जातो. छायाचित्रणात गरीब माणसाच्या बाजूने लागलेला असा निकाल दुसरा मला ठाऊक नाही.

खोडमाशीने हा धडा चांगला गिरवून घेतला. ही माशी अवघी दोन मिलिमीटरची, चकचकीत काळी. तिच्यावर उघडा फ्लॅश मारला की पाठीवर एक पांढरा ठिपका उमटतो आणि बाकी सर्व काळे राहते. कारण चकचकीत काळी वस्तू स्वतःचे रूप फारसे दाखवीतच नाही, ती बहिर्गोल आरशाप्रमाणे समोरच्या दिव्याचे प्रतिबिंब तेवढे परत करते. मग दिवा वाढवून काय उपयोग? ठिपका तेवढा अधिक पांढरा होतो. परंतु त्याच दिव्यापुढे कागद वाकवून कमानीसारखा धरला की प्रतिबिंब कागदाचे पडते, तो रुंद आणि मऊ असल्यामुळे पाठीवर एक राखाडी पट्टा उमटतो, आणि त्या पट्ट्याच्या वळणावरून पाठीची गोलाई, पंखांची मुळे, मानेची खाच ही सर्व हळूहळू वाचता येऊ लागतात. याच माशीची जी अळी रोपाच्या खोडात शिरते तिचा माग घेण्यासाठी खोड उभे चिरावे लागते. आत लालसर नागमोडी पोखर दिसते, आणि ती ओली असल्यामुळे तिच्यावरही उघड्या दिव्याचे चटके उमटतात. तेथेही तोच कागद, फक्त अधिक जवळ.

चक्रीभुंग्याची गोष्ट मात्र निराळी. त्याची मादी सोयाबीनच्या देठावर किंवा खोडावर दोन आडवी चक्रे कुरतडते आणि त्यांच्या मधल्या भागात अंडी घालते. वरचा भाग सुकतो आणि पान मान टाकते. शेतकऱ्याला दाखवावयाची असतात ती ही दोन चक्रे, कारण भुंगा उडून जातो पण खूण राहते. या चक्रांवर खोडमाशीचा तो मऊ, सर्वव्यापी उजेड टाकला की खाच भरून निघाल्यासारखी होते आणि देठ निर्दोष दिसू लागते. तेथे कागद दूर सारून दिवा अगदी बाजूला, देठाला जवळजवळ चाटून जाईल असा धरावा लागतो. मग खाचेच्या एका कडेवर उजेड आणि दुसऱ्या कडेवर सावली पडते व दोन्ही वलये रेखल्यासारखी उठून दिसतात. सावलीच्या बाजूला लग्नपत्रिकेचा पांढरा पुठ्ठा उभा केला की ती सावली काळीकुट्ट होत नाही. वाशिमात लग्नपत्रिकांची ददात कोणत्याच स्टुडिओला नसते.

फ्लॅश कोणता घ्यावा, असे मला धंद्यातली मुले विचारतात. माझे मत असे की यासाठी आपणहून हिशेब करणारा महागडा फ्लॅश घेणे म्हणजे घरच्या विहिरीवर पाण्याचे मीटर बसविण्यासारखे आहे. फ्लॅश लेन्सच्या तोंडाशीच बांधलेला असतो आणि वस्तू नेहमी ठराविक अंतरावरच स्पष्ट होते, म्हणून दिवा आणि किडा यांच्यातील अंतर प्रत्येक वेळी तेच राहते. एकदा घरच्या कुंडीतील पानावर शक्ती आणि छिद्र यांचा मेळ बसविला की पुढे मंगरूळपीरच्या शिवारात काय किंवा मानोऱ्याच्या काय, त्याला हात लावावा लागत नाही. हाताने शक्ती कमी-जास्त करता येणारा साधा चिनी फ्लॅश आणि पेन्सिलसेलचे दोन संच एवढे पुरे होते. एका गोष्टीविषयी तेवढी सावधगिरी सांगतो: फिल्मच्या काळातील काही जुन्या फ्लॅशगनच्या जोडबिंदूवर दोनशे व्होल्टहून अधिक दाब असतो, आणि तो आजच्या कित्येक कॅमेऱ्यांना सोसत नाही, भंगारातून स्वस्तात मिळालेली गन कॅमेऱ्यावर चढविण्यापूर्वी ती रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून मोजून घ्यावी.

फ्लॅशच्या चित्राचा एक दोष लोकांनीच माझ्या नजरेस आणून दिला. जवळची वस्तू उजळते आणि हातभर मागे असलेल्या पिकापर्यंत तो उजेड पोचतच नाही, म्हणून भर दुपारी काढलेल्या चित्राची पार्श्वभूमी काजळासारखी काळी येते. प्रशिक्षणवर्गात असे एक चित्र पडद्यावर पाहून मागच्या रांगेतील एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, “काहून भाऊ, हा भुंगा रात्री निंगते का?” प्रश्न अगदी रास्त होता, कारण कीड दिवसा शोधावी की रात्री हे ज्याला ठरवावयाचे आहे त्याच्या दृष्टीने काळी पार्श्वभूमी ही एक चुकीची बातमी आहे. तेव्हापासून किड्याच्या मागे वीतभर अंतरावर त्याच पिकाचे एखादे रुंद पान चिमट्याने धरावयाचे असा शिरस्ता पडला; त्यासाठी कपडे वाळत घालण्याचा चिमटा आणि एक तार एवढेच लागते. आणखी एक मागणी अशीच शेतातून आली. पान धरणाऱ्याचा अंगठा चौकटीबाहेर काढावयास मी सांगू लागलो, तेव्हा तो गृहस्थ म्हणाला, “राहू द्या न भाऊ, त्याच्यावरून त समजते का किडा केवढा हाये ते.” अंगठा ठेवला. मिलिमीटरच्या पट्टीहून तो शेतकऱ्याच्या अधिक ओळखीचा आहे. फक्त तो पानाला फार खेटला तर त्वचेचा तांबूस उजेड पानावर सांडतो, एवढे सांभाळावे लागते.

रंगाचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे, आणि स्वस्त दिव्यांनी त्यात घातलेला घोळ पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. सोयाबीनचे पान पिवळे पडण्याची कारणे अनेक असतात: पांढऱ्या माशीने पसरविलेला पिवळा मोझॅक, लोहाची उणीव, मुळाशी तुंबलेले पाणी. यांतील भेद पिवळेपणाच्या छटेवर आणि त्याच्या मांडणीवर ठरतो. मोझॅकमध्ये हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांची सरमिसळ असते, लोहाच्या उणिवेत शिरा हिरव्या राहून मधली जागा फिकी पडते. आता बाजारात रस्त्याकडेला मिळणाऱ्या हलक्या एलईडी दिव्यांच्या प्रकाशात काही रंगांचा अंशच अपुरा असतो. डोळ्यांना तो उजेड पांढरा वाटतो, पण त्याखाली निरोगी पान रोगट आणि रोगट पान मेलेले दिसू शकते. जे चित्र पाहून कुणी फवारणीचा सल्ला देणार, त्या चित्रातील हिरवा रंग दिव्याच्या लहरीवर सोडणे मला बरे वाटत नाही. म्हणून अशा कामाला फ्लॅश किंवा सावलीतील दिवसाचा उजेडच वापरावा, आणि चौकटीच्या एका कोपऱ्यात कोऱ्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवावा. तो कागद चित्रात पांढरा दिसला तर पानाचा पिवळेपणा खरा मानावयास हरकत नाही.

घरच्या वीजजोडणीवरील एलईडी बल्बांचा आणखी एक खोडसाळपणा आहे. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, त्यामुळे हलक्या प्रतीचे बल्ब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते समजत नाही, पण वेगवान शटरला समजते आणि चित्रावर आडव्या पट्ट्या येतात. शटर एक-पन्नासांश किंवा एक-शतांश सेकंदावर ठेवले की पट्ट्या बहुधा जातात. सेलवर चालणाऱ्या साध्या बॅटरीला हा रोग सहसा नसतो. या बॅटरीचे उपकार मी विसरू शकत नाही, कारण आमच्या भागात हरभऱ्याला पाणी द्यावयाचे ते कित्येकदा रात्रीच, जेव्हा कृषिपंपाची वीज येते तेव्हा. अशा एका रात्री बांधावर भेटलेल्या शेतकऱ्याच्या कपाळावरील बॅटरी उतरवून, तिच्या तोंडावर मिठाईच्या पुड्यातील बटर पेपर गुंडाळून मी घाटेअळीचे जे चित्र घेतले, ते त्या वर्षीच्या फलकावर सर्वांत मोठे छापले गेले. अळीने अर्धे डोके घाट्यात घातले होते आणि अंग बाहेर होते. बाजूने आलेल्या त्या मऊ उजेडात तिच्या अंगावरचे बारीक केससुद्धा वेगळे दिसत होते.

या सर्व गोष्टींत एका वस्तूविषयी माझे मत प्रतिकूल आहे, आणि ती नेमकी सर्वांत लोकप्रिय आहे. मोबाइलच्या प्रत्येक दुकानात आता गोल रिंग लाइट टांगलेला असतो. रील काढणाऱ्यांनी तो घ्यावा. लेन्सच्या भोवतीने चारी बाजूंनी सारखा पडणारा तो उजेड सावली पुसून टाकतो, आणि सावली गेली की चक्रीभुंग्याची खाच गेली, अळीच्या पाठीवरील पुटकुळ्या गेल्या, डोक्यावरची खूण गेली. २०१८ मध्ये मक्यावर जी नवीन लष्करी अळी भारतात प्रथमच आढळली, तिची ओळख डोक्यावरील उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी रेघ आणि शेपटीकडील चौकोनात मांडलेले चार ठिपके यांवरून पटते. ते ठिपके किंचित उंचवट्याचे असल्याने तिरप्या उजेडात जसे स्पष्ट होतात तसे समोरच्या वर्तुळाकार उजेडात होत नाहीत. शिवाय चकाकत्या पाठीवर त्या वर्तुळाचे पांढरे कडे उमटते ते वेगळेच. त्या दिव्याचा अर्धा भाग काळ्या चिकटपट्टीने झाकला तर मात्र तो कामाचा होतो.

कागदपत्रांच्या कामात या विद्येची दुसरी बाजू दिसली. वारसाहक्काच्या भानगडीत किंवा घराण्याच्या हौसेने लोक जुने कागद घेऊन येतात: मोडीतील गहाणखते, फाटक्या वह्या, शिसपेन्सिलीने केलेल्या नोंदी, पाठीवर चकचकीत प्लॅस्टिक चढविलेले दाखले. येथे दोन सारख्या दिव्यांना कागदाच्या दोन बाजूंस पंचेचाळीस अंशांवर ठेवावे, म्हणजे चकाकी भिंगात येत नाही, हा जुनाच नियम. पण पेन्सिलीची अक्षरे पुसली गेली असतील तर एक दिवा विझवून दुसरा टेबलाच्या पातळीवर आणावा; शाई किंवा शिसे गेले तरी लेखणीच्या दाबाने कागदावर पडलेली घळई राहिलेली असते, आणि ती सावलीने वाचता येते. प्लॅस्टिकखालच्या दाखल्यांना मात्र ध्रुवीकरणाचा उपाय करावा लागतो: बिघडलेल्या संगणकाच्या पडद्यातून सोडविलेली ध्रुवक फिल्म दिव्यापुढे, तसाच गाळक लेन्सपुढे, आणि दोघांना एकमेकांशी काटकोनात फिरविले की चकाकी नाहीशी होऊन खालची अक्षरे वर येतात. उजेड पुष्कळ खर्च होतो; पण कागद जागचा हलत नसल्याने शटर हवे तेवढे उघडे ठेवता येते. कारंज्याच्या जैन भांडारांतील हस्तलिखितांवरून तेथील ग्रंथमाला १९३० नंतरच्या दशकात छापली गेली, हे वाचताना माझ्या मनात नेहमी येते की त्या काळच्या संपादकांनी ही पाने कोणत्या उजेडात, किती तास वाचली असतील. जुन्या कागदाला तापलेल्या हॅलोजनखाली ठेवणे मी तरी टाळतो.

धातूवरील अक्षरे हा तर माझ्या आवडीचा विषय. वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. १९३९ मध्ये येथे सापडलेल्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटाने वत्सगुल्म शाखेच्या इतिहासाला आधार मिळाला, आणि वा. वि. मिराशी यांनी १९६३ च्या आपल्या कोरीव लेखांच्या संग्रहात त्याला स्थान दिले. असे पत्रे विद्वान मंडळी शाईच्या ठशांवरून वाचीत आली. माझ्या हाती ताम्रपट कधी आला नाही. आल्या त्या घागरी, तांब्ये आणि देवघरातले राणीछाप रुपये. त्यांच्यावर एकच दिवा, वरच्या डाव्या बाजूने, दहा-पंधरा अंशांच्या कोनात टाकावा. दिवा खालच्या बाजूने आला तर डोळा फसतो आणि खोदलेले अक्षर उठावाचे भासू लागते, कारण उजेड वरूनच यावयाचा ही सवय आपल्याला जन्मापासून लागलेली असते. २००१ मध्ये टॉम मालझबेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली, तीत कॅमेरा स्थिर ठेवून दिवा तेवढा वस्तूभोवती वेगवेगळ्या दिशांना फिरवितात आणि त्या साऱ्या चित्रांतून संगणकावर हवी ती दिशा पुन्हा उजळून पाहतात. ऐकावयास ती प्रयोगशाळेतील वाटते; प्रत्यक्षात तिला एक बॅटरी, अंतर सारखे राखण्यासाठी एक सुतळी, आणि दिव्याची दिशा टिपण्यासाठी चौकटीत ठेवलेली एक चकचकीत काळी गोळी एवढेच लागते. घासून लखलखीत केलेल्या पितळी घागरीला मात्र यातले काही मानवत नाही. तिच्यात मी, माझा कॅमेरा आणि दाराबाहेरचा रस्ता हे सर्व उमटते, म्हणून तिच्याभोवती धुतलेल्या धोतराचा तंबू करून लेन्सपुरते भोक ठेवावे लागते. घागर आणणाऱ्या आजींना त्या तंबूचे मोठे कौतुक वाटले, “सोवळ्यात बसवली का काय तिला?” असे त्या म्हणाल्या.

अलीकडे माझ्याकडील किडींचे काम कमी होत चालले आहे, आणि त्याचे मला वैषम्य नाही. प्रत्येक कृषी सहायकाच्या खिशात चांगला मोबाइल आहे, त्यावर चिमट्याने बसणारे लहान भिंग दोन-चारशे रुपयांत येते, आणि बांधावरून काढलेले चित्र त्याच मिनिटाला अकोल्याच्या कृषी विद्यापीठातील किंवा करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञापर्यंत पोचते. बिघडते ते उजेडापाशीच: मोबाइलचा स्वतःचा फ्लॅश भिंगाला खेटून असल्याने त्याचा उजेड सपाट आणि चटकेदार पडतो, आणि भिंग फार जवळ गेले की मोबाइलचीच सावली किड्यावर येते. म्हणून मी त्यांना सांगतो की फ्लॅश बंद करा, सोबतच्या माणसाच्या मोबाइलची बॅटरी बाजूने धरा, तिच्यापुढे ट्रेसिंग पेपर ठेवा आणि पलीकडून पांढरा पुठ्ठा लावा. दोन माणसे, दोन मोबाइल, दोन कागद. पासपोर्ट छायाचित्रे कापल्यावर उरणाऱ्या जाड कागदाच्या पट्ट्या मी टाकून न देता साठवितो आणि जूनमध्ये जो येईल त्याला ट्रेसिंग पेपरच्या तुकड्यासह देतो. खिशात मावतील अशा त्या असतात. परवा मालेगाव तालुक्यातील एक कृषी सहायक ताई आल्या, पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाल्या, “दादा, या खेपेला थोड्या लांब कापा. तुरीची शेंग यात मावत नाही.”